बियाण्याला ठेवलेली मूठ

दिनांक २३ एप्रिल २०२४ रोजी, भर दुपारी, मांडवीच्या सखाराम शिवलकरांनी कुरिअरवाल्याच्या हातावर सहाशे चाळीस रुपये ठेवले आणि अडीचशे ग्रॅम कॉफीच्या बिया ताब्यात घेतल्या. चिकमगळूरकडच्या एकाच बागेतल्या, भाजलेल्या, अख्ख्या बिया. पाकिटावर ‘सिंगल ओरिजिन’ असं छापलेलं होतं. सखारामांनी पाकीट नाकाशी धरलं आणि डोळे मिटून दारातच उभे राहिले. कुरिअरवाला कधी गेला तेही त्यांना कळलं नाही.

“सहाशे चाळीस?” आतून रेणुका म्हणाली. “पाव किलोला? एवढ्यात सुरमई आली असती वो.”

“सुरमई एका दिवसात संपते.”

“आणि ही?”

“ही पंधरा दिवस पुरेल.”

“कोणाला?”

याचं उत्तर सांगायची गरज नव्हती. ते दोघांनाही ठाऊक होतं.

सखाराम म्हणजे बॉयलरचा माणूस. एमआयडीसीतल्या आंब्याच्या रसाच्या कारखान्यात सगळी नोकरी त्यांनी वाफेच्या संगतीत काढली. बॉयलर अटेंडंटचा परवाना चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत, गणपतीच्या तसबिरीशेजारी टांगलेला आहे. दाबाचा काटा बघायच्या आधी ते आवाज ऐकायचे, आणि काटा मागाहून त्यांच्याच म्हणण्यावर येऊन थांबायचा. डाव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग. स्वभाव मात्र थंड. घरात कुकरची शिट्टी व्हायच्या आत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभं राहायची सवय तेवढी निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

रेणुका हेदवीची. लग्नाआधी मावशीबरोबर ती सीझनला त्याच कारखान्यात आंबे सोलायला यायची. सोलणाऱ्या बायकांची खोली आणि बॉयलरची खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती. एक दिवस चारच्या सुट्टीत ती हातात किटली घेऊन बॉयलरच्या दारात आली आणि म्हणाली, “तुमच्या ह्या राक्षसाच्या अंगावर आमची किटली ठेवू काय? चूल पेटवेस्तोवर सुट्टी संपते.” नियमात बसत नव्हतं. सखारामांनी जाड पाइपावर, आवरणाच्या कडेला जागा दाखवली. भाडं म्हणून एक कप मिळू लागला. दुधात उकळलेली, जायफळ किसून घातलेली, भरपूर साखरेची कॉफी. त्या सीझनचे आंबे संपले तरी कॉफी संपली नाही. पुढच्या वर्षी लग्न झालं आणि किटली मांडवीला आली.

तेव्हापासून चार वाजता कॉफी. मुलगा अभय ठाण्याला गेला, तिथेच त्याचा संसार झाला, घरात दोघंच उरली, तरी चारची कॉफी चुकली नाही. सकाळपासून अबोला असला तरी चारला दोन कप समोरासमोर यायचे आणि कोणी तरी “जायफळ जास्त झालं” म्हणायचं. तिथे अबोला मोडायचा.

यंदाच्या जानेवारीत रेणुकाच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी गोड बंद केलं. दुधाचा छोटा कप चालेल म्हणाले, पण साखर एक दाणाही नको. रेणुकाने भाताचं ऐकलं, आंब्याचं ऐकलं, कॉफीचं मात्र तिने स्वतःच ठरवून टाकलं. “बिनसाखरेची कॉफी म्हणजे औषध. औषध गोळीचं घेतेय ते पुरे.” साखरेऐवजीच्या गोड गोळ्या घालून एकदा करून पाहिली, तर म्हणाली, “पितळेचा चमचा चोखल्यागत लागतं.” मग ती चार वाजता सखारामांपुढे त्यांचा एकट्याचा कप ठेवायची आणि मागीलदारी काही तरी काम काढून निघून जायची. समोरची रिकामी खुर्ची बघत सखारामांनी आठवडाभर कॉफी प्यायली. नंतर त्यांनीही कप नको म्हणून सांगितलं. चार वाजायचे आणि घरात काहीच व्हायचं नाही. मागीलदारी नळाखाली धुतलेलीच भांडी पुन्हा धुतल्याचा आवाज यायचा. सखारामांना तो आवाज सोसेना.

मार्चमध्ये नात्यातल्या एका लग्नात कॉफीचं मशीन होतं. रांगेत त्यांच्यापुढे पुतणी वेदिका होती. ही थोरल्या भावाची मुलगी पुण्यात एका कॉफीच्या दुकानात काम करते आणि तिथे नव्या मुलांना कॉफी करायला शिकवते. तिने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

“काका, ही कॉफी नव्हे. हे गरम आइस्क्रीम आहे, वर कोको भुरभुरलेलं.”

“गोड आहे की.”

“साखरेनं गोड आहे. दूध नीट तापवलं ना, तर ते आपलं आपण गोड लागतं. उकळलं की गेलं. त्याच्या आत थांबायचं.”

सखारामांनी हातातला कप खाली ठेवला. “साखरेशिवाय?”

“साखरेशिवाय. कॉफी मात्र चांगली हवी. चिकरीवाली कडू भुकटी नाही चालायची. काही बागांच्या कॉफीला मुळातच गुळासारखी चव असते. कॉफी, दूध आणि फेस, तिघांचं माप सारखं पडलं पाहिजे. एकानं दुसऱ्याला दाबायचं नाही. त्याला कॅपुचिनो म्हणायचं.”

“आणि दूध तापवतात कशानं?”

“वाफेनं,” वेदिका म्हणाली. सखारामांचा चेहरा बघून तिला हसू आलं. “आता मी कोणाला सांगतेय बघा.”

पुण्याला गेल्यावर तिने आपला जुना मोका पॉट आणि हाताने फिरवायची छोटी चक्की पाठवून दिली. मोका पॉट सखारामांना बघताक्षणी आवडला. खाली पाणी, मध्ये कॉफी, वर जमणारा अर्क, आणि बाजूला चिमुकला सेफ्टी व्हॉल्व्ह. “अगं, हा बॉयलर आहे!” ते रेणुकाला म्हणाले. “बाळ बॉयलर!”

“आणा पाळणा,” रेणुका म्हणाली.

दुधासाठी त्यांनी घरातला जुना कुकर काढला. शिट्टी आणि सेफ्टी प्लग जागच्या जागी ठेवून झाकणाला दुसरं भोक पाडलं आणि तिथून तांब्याची बारीक नळी बाहेर काढली. वाफ सोडायला-थांबवायला नळीला कॉक हवा होता. तो बाजारपेठेतल्या बाबाजीच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळाला. बाबाजी त्यांचा शाळेपासूनचा मित्र. त्याने पितळी कॉक फडक्याने पुसून हातात दिला.

“कशाला हवाय?”

“कॉफीला.”

“अरे मेल्या, निवृत्त होऊन डोकं फिरलं काय तुझं?” सगळी हकिकत ऐकल्यावर मात्र बाबाजीने फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, “एकशे दहा रुपये. पण आत्ता देऊ नको. वहिनींना जमलीशी वाटली तर दे. नाही जमली तर कॉक परत आण.”

पहिले तीन प्रयत्न दुकानातल्या भुकटीवर झाले. पहिल्यात दूध पाणचट झालं, कारण नळीत साचलेलं पाणी दुधात गेलं. सखाराम स्वतःवरच चिडले. आधी नळीतलं पाणी काढून टाकायचं, मग कोरडी वाफ द्यायची, हे त्यांनी किती तरी पोरांना शिकवलं होतं. दुसऱ्यात दूध उकळलं. तिसऱ्यात दूध जमलं, पण भुकटीच्या कडूपणाने सगळं खाऊन टाकलं. रेणुकाने तिन्ही वेळा एकच घोट घेतला आणि कप सरकवला.

“आता शेवटची,” तिने सांगितलं. “ती तुमची बागेतली येऊ दे. पण त्यानंतर कप घेऊन माझ्यामागं फिरायचं नाय. मला इच्छा होते आणि मग भागत नाय. त्यापेक्षा इच्छाच नको.”

हे ती हसत हसत बोलली, पण सखारामांनी ते लक्षात ठेवलं.

पाकीट आलं त्या दिवशी वेदिकाचा निरोप होता, की बिया नुकत्याच भाजल्या आहेत, आठवडाभर तरी मुरू द्या. सखारामांनी पाकीट कपाटात ठेवलं. दोन दिवसांनी जुन्या कारखान्यातून फोन आला. आंब्याचा ऐन सीझन आणि बॉयलरवाला मुलगा तापाने आडवा. नवीन माणूस मिळेपर्यंत याल का? सखाराम डबा घेऊन गेले. सकाळी निघायचे ते दिवेलागणीला परत यायचे.

इकडे रेणुकाची आगोटीची गडबड सुरू झाली होती. पावसाच्या चार महिन्यांचं सगळं सामान उन्हात घालून डब्यात भरायचे दिवस. घरापुढच्या खळ्यात जुन्या साड्या अंथरून तिने वाल, कुळीथ, मिरच्या, आमसुलं असं सगळं वाळत घातलं होतं. कपाट आवरताना पाकीट तिच्या हाती आलं आणि तिच्या मनात आलं, एवढी महागाची वस्तू, पावसात बुरशी धरली तर? टोके, किडे पडले तर? पुरुषांना ह्यातलं काय कळतं.

कामावरून सुटका झाल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी सखारामांनी कपाट उघडलं. पाकीट नव्हतं.

“डब्यात आहे,” रेणुकाने स्वयंपाकघरातून सांगितलं. “वालाच्या शेजारच्या. दोन उन्हं दाखवली, एरंडेलाचा हात लावला आणि भरून ठेवली. वर कडुनिंबाची पानं घातलीत. आता दिवाळीपर्यंत बघायला नको.”

सखारामांनी डबा उघडला. बिया वालासारख्या तुकतुकीत दिसत होत्या. वास एरंडेलाचा होता. त्याच्याखाली कुठे तरी, बुडालेल्या होडीसारखी, कॉफी होती. खळ्याच्या पलीकडच्या टोकाला बोंबील वाळत होते, त्यांचाही थोडा हिस्सा असावा.

बॉयलरचा दाब एकदम चढला की हाताने एकदम काही करायचं नसतं. सखारामांनी झाकण लावलं.

“बरं केलंस,” ते म्हणाले.

चपला घालून ते मांडवीच्या जेटीवर गेले. गळ टाकून बसलेली दोन-चार माणसं सोडली तर तिथे कोणी नव्हतं. त्यांनी वेदिकाला फोन लावला.

“एरंडेल?” वेदिका म्हणाली.

“एरंडेल.”

“कॉफीला?”

“हात लावलाय फक्त. वालाला लावतात तसा.”

पलीकडून आधी हसण्याचा आवाज आला आणि मग तो थांबला. “काका, ती गेली. चक्कीत पण घालू नका, चक्की जाईल. मी दुसरं पाकीट पाठवते ना. काकींना सांगूच नका.”

सखारामांनी समुद्राकडे बघत विचार केला. दुसरं पाकीट यायला चार दिवस लागतील, मुरायला आठ. तोवर डबा घरात राहणार. रेणुका रोज विचारणार, कधी करताय? आणि खरं सांगितलं तर ती काय म्हणेल, हे त्यांना ऐकू येत होतं. गोड माझ्या नशिबात नाय, मीच माझ्या हातानं घालवलं, आता पुरे. एकदा पुरे म्हटलं की ती हेदवीची बाई पुन्हा मागे वळत नाही. पाकिटाचं काही नव्हतं, पण ती ‘शेवटची’ म्हणाली होती.

घरी येताना त्यांनी ठरवलं, की खोटं बोलायचं. कॉफी अजून मुरायची आहे असं सांगायचं.

रेणुका ओटीवर बसली होती. मांडीवर तो डबा, झाकण उघडं.

“नासली ना?” तिने विचारलं.

“छे. अजून मुरायची आहे.”

“अहो, तुमचे कान लाल झालेत. कारखान्यात मॅनेजरसायबानं किटलीचं विचारलं होतं, तेव्हा पण असेच झाले होते.”

सखाराम तिच्या शेजारी खाली बसले. “कॉफीला तेल चालत नाही,” ते हळूच म्हणाले. “मी सांगायला हवं होतं तुला.”

रेणुकाने डब्यात बोट फिरवलं. “सहाशे चाळीस रुपये.”

“पैशाचं सोड.”

“मी जपायला गेले वो.” तिचा आवाज एकदम बारीक झाला. “तुम्ही एवढं करताय माझ्यासाठी, कुकर फोडलात, नळ्या लावल्यात. मी म्हटलं, आपल्याकडून एवढं तरी व्हावं.”

डबा बाजूला ठेवून रेणुका उठली. आता ती मागीलदारी जाणार आणि भांडी घासायला घेणार, असं सखारामांना वाटलं. पण ती माळ्याच्या शिडीकडे गेली, वरून एक छोटी बरणी काढली आणि पदराने पुसून त्यांच्यापुढे धरली.

बरणीत कॉफीच्या बिया होत्या. कोरड्या, मळकट तपकिरी. सखारामांनी झाकण फिरवलं आणि दारात उभं राहून घेतलेला तो पहिला वास पुन्हा आला.

“हे काय?”

“बियाणं,” रेणुका म्हणाली. “तेल लावायच्या आधी मूठभर बाजूला काढून ठेवायचं. आईनं हाताला लावलेली सवय. वालाचं ठेवते, कुळथाचं ठेवते. हिचं पण ठेवलं. राख घालायची राहिली होती, बरं झालं.”

“अगं, ह्या भाजलेल्या आहेत. भाजलेल्या बिया रुजतात काय?”

“हात विचारत बसतो काय, भाजलेलं की कच्चं?” ती फणकारली. मग बरणीकडे बघून तिने मान हलवली. “पण बियाणं खायचं नसतं वो. आई म्हणायची, घरात काही नसलं तरी त्या मुठीला हात लावायचा नाय.”

सखारामांनी बरणी तिच्या हातात परत दिली. ही गोष्ट तिनेच ठरवायची होती.

रेणुकाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजत आले होते.

“किती लागेल?” तिने विचारलं.

“दोन कपांना मूठभर लागेल.”

तिने बरणी उपडी केली. चार बिया उचलून पदराच्या टोकाला बांधल्या, बाकीच्या त्यांच्या ओंजळीत घातल्या. “ही शेवटची,” ती म्हणाली. “लक्षात आहे ना?”

सखारामांनी चक्की फिरवायला घेतली. भुकटी रव्याहून बारीक आणि पिठाहून भरड झाली, तेव्हा थांबले. मोका पॉटच्या तळात पाणी भरलं, भुकटी न दाबता सपाट केली आणि गॅस बारीक ठेवला. अर्क वर येऊ लागला, खळखळ करायच्या बेतात आला, तोच त्यांनी भांडं उतरवलं. तोवर कुकर तयार होता. नळीचं तोंड फडक्यावर धरून त्यांनी कॉक उघडला. आधी पाणी फुरफुरलं, मग वाफ कोरडी झाली आणि तिचा आवाज बदलला. फ्रिजमधलं थंड दूध स्टीलच्या उभ्या भांड्यात होतं. नळीचं टोक पृष्ठभागाशी धरताच कागद फाटल्यासारखा आवाज आला. दूध फुगलं. मग टोक जरा खाली. आवाज दबला, जाड झाला. डावा तळवा भांड्याला लावून सखाराम कान देऊन उभे राहिले. कारखान्यात उभे राहायचे, अगदी तसेच.

रेणुका दारातून बघत होती. तिला तो टवकारलेला कान ओळखीचा होता.

तळव्याला चटका बसला त्या क्षणी त्यांनी कॉक बंद केला. भांडं ओट्यावर दोनदा आपटून दूध गोल फिरवलं. दुधाला ओल्या रंगासारखी चकाकी आली होती. कपात आधी कॉफी, मग दूध, वर बोटभर फेस. त्यांनी दोन कप टेबलावर समोरासमोर ठेवले.

रेणुकाने कपावर जायफळ धरून किसणी एकदाच ओढली.

“वेदिका काही घालू नको म्हणालीय,” सखाराम म्हणाले.

“वेदिकाला घालू नका मग.”

तिने घोट घेतला. वरच्या ओठावर फेसाची पांढरी रेघ उमटली. सखाराम स्वतःच्या कपाला हात न लावता बघत होते. तिने कप खाली ठेवला. पण तिने तो सरकवला नाही. तिने समोरचा त्यांचा कप उचलला, त्यातला घोट घेतला आणि त्यांच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

“साखर कुठल्या कपात घातलीत?”

“कुठल्याच नाही.”

“खरं सांगा.”

“माझे कान बघ.”

तिने खरोखरच कान पाहिले. मग आपला कप पुन्हा घेतला आणि सावकाश, मध्येच खिडकीबाहेर बघत, तळ दिसेपर्यंत प्यायली. तळाशी राहिलेला फेस तिने बोटाने पुसून घेतला.

“जमली?” सखारामांनी विचारलं.

रेणुका विचारात पडल्यासारखी दिसली. “अजून थोडी कमी आहे काय तरी,” ती म्हणाली. “मगाशी शेवटची म्हटलं ते राहू दे. दुसरं पाकीट मागवा, मग बघू.”

“मग बाबाजीचं काय करू? जमली की कॉकचे पैसे द्यायचे असं ठरलंय.”

“नाय जमली अजून. जमल्याशिवाय कशाला देताय?”

वेदिकाचं दुसरं पाकीट आलं, नंतर तिसरंही. आता चार वाजता शिवलकरांच्या स्वयंपाकघरात वाफेचा आवाज होतो आणि शेजारच्या घरातली माणसं त्यावर घड्याळ लावतात. रेणुका रोज कप रिकामा करते. एखादे दिवशी फेस जाड झाला म्हणते, एखादे दिवशी दूध जरा पुढे गेलं. पुरती जमली असं तिने अद्याप म्हटलेलं नाही. मागीलदारी एका कुंडीत चार बिया पुरलेल्या आहेत. रेणुका त्या कुंडीला रोज तांब्याभर पाणी घालते, आणि सखाराम त्याबद्दल काही बोलत नाहीत. गेल्या महिन्यात बाबाजी स्वतः येऊन कॅपुचिनो पिऊन गेला आणि जाताना म्हणाला, “वहिनी, मला तर फक्कड जमलेली वाटते.” रेणुका म्हणाली, “भावोजी, तुम्हाला त्यातलं काय कळतं?”

पितळी कॉकचे एकशे दहा रुपये सखाराम बाबाजीला अजून देणं लागतात.